भिवंडीचा करघा

कल्याणहून भिवंडीत शिरले की यंत्रमागांची खडखड कानांवर आदळते. आपल्याला हीच भिवंडीची जुनी ओळख वाटते. पण त्याआधी इथल्या मोमीन घरांत हातमाग होता, करघा होता, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

१८५७ नंतरची धरपकड, दुष्काळ आणि विलायती गिरणीचे स्वस्त कापड यांमुळे आजच्या उत्तर प्रदेशातले विणकर देशोधडीला लागले. आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे येताना धुळे, मालेगाव, भिवंडी लागते. तिन्ही ठिकाणी त्यांच्या वस्त्या झाल्या. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायाने पावडी दाबायची, हाताने धोटा फेकायचा. मागावर पुरुष दिसे. सूत उकलणे, कांड्या भरणे घरातल्या बायका-मुलींकडे. त्यांची मजुरी वेगळी कुणी मोजली नाही. सहीह बुखारीत मात्र एका बाईची नोंद आहे. तिने स्वतःच्या हाताने विणलेली चादर हुजूर (स.) यांना आणून दिली आणि त्यांनी ती गरजेची म्हणून स्वीकारली.

१९३० च्या दशकात भिवंडीत यंत्रमाग रुजू लागले. ते घेणाऱ्यांत विणकरच होते. पोटापुढे त्यांना दोष कसा द्यायचा? इथे रोजच्या वापराची लुगडी निघत, आणि तसले लुगडे यंत्र कितीतरी झटपट काढते. येवल्याची पैठणी तगली, कारण तिचा पदर हाताने भरलेला असतो आणि गिऱ्हाईक त्याचे दाम मोजते. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले खरे, पण यंत्रावरची नक्कल बाजारातून काही हटली नाही.

तेव्हा भिवंडीत घरोघर करघा परत येईल, असे स्वप्न आम्ही दाखवणार नाही. साधे लुगडे हाताने विणून आज कुणाची चूल पेटणार नाही. पण एखाद्या मदरशाच्या किंवा शाळेच्या आवारात चार माग बसवता येतील. येवल्याचा किंवा पैठणचा कारागीर बोलावून मुलींना यंत्राला न जमणारे वाण शिकवता येईल. मात्र मजुरी तिच्याच हातात पडली पाहिजे, नाहीतर जुनाच प्रकार नव्याने सुरू.

आणि ईदच्या खरेदीला ठाण्या-डोंबिवलीच्या हातमाग प्रदर्शनात गेलात, तर कापडावर हातमागाचे सरकारी चिन्ह आहे का, ते पाहा. विणणाऱ्याला यातले किती मिळाले, हेही विक्रेत्याला विचारा.