हसवणाऱ्याला देव वर्ज्य नाही




एखादा विनोदकार देवाधर्माविषयी काही बोलला की आपल्याकडे दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, याला श्रद्धा कशाशी खातात ते ठाऊक नाही. दुसरे, थट्टाच करायची तर दुसरे विषय काय थोडे आहेत? पहिले रागावलेल्या भाविकाच्या तोंडी असते, दुसरे स्वतःला समंजस म्हणवणाऱ्याच्या. दोहोंच्या मुळाशी समज मात्र एकच आहे: थट्टा हे उथळ डोक्याचे काम, अध्यात्म हा गंभीर माणसांचा प्रांत, आणि या दोन घरांत सोयरीक जमायची नाही. निदान मराठी माणसाने तरी हा समज उराशी बाळगू नये, असे मला मनापासून वाटते. चांगल्या विनोदाला जी बुद्धी लागते, तीच अध्यात्मातल्या मोकळेपणालाही लागते, एवढेच मला या पत्रात मांडायचे आहे.

ही बुद्धी म्हणजे पाठांतर किंवा परीक्षेतले गुण नव्हेत. साधी कोटी घेतली तरी ती करणाऱ्याला एका शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात आणि ऐकणारा त्यातला कोणता आधी पकडेल याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात शिरावे लागते. ज्याला आपल्या मतापलीकडचे काही दिसतच नाही, त्याला हे साधत नाही. मानसशास्त्रज्ञांनी हे तपासूनही पाहिले आहे. गिल ग्रीनग्रॉस आणि जेफ्री मिलर यांनी अमेरिकेत ४०० विद्यार्थ्यांना व्यंगचित्रांखाली ओळी लिहायला दिल्या आणि सोबत त्यांची बुद्धिमत्ताही मोजली. भाषिक बुद्धी जितकी तल्लख, तितकी ओळ अधिक गमतीदार, असा त्यांचा २०११ सालचा निष्कर्ष आहे. त्याआधी २००९ मध्ये याच दोघांनी व्यावसायिक स्टँडअप कलाकारांचे स्वभाव तपासले होते. नव्या अनुभवांसाठी मन खुले असण्याचा गुण त्यांच्यात सर्वसाधारण विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आढळला. आता हा खुलेपणा म्हणजे आध्यात्मिक मोकळेपणा नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते योग्यच आहे. नवे पदार्थ, नवे प्रदेश, नव्या कल्पना यांची आवडही त्या मापात येते. पण बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ वासिलिस सारोग्लू यांनी नेमका धर्माचाच धागा धरला. रोजच्या कटकटींच्या प्रसंगात कोणाला पटकन विनोद सुचतो, हे त्यांनी पाहिले. कट्टर धार्मिक मनाला तो कमी सुचतो. ज्यांच्या लेखी धर्म हा अजून चालू असलेला शोध आहे, त्यांना मात्र जास्त सुचतो. विनोद आणि श्रद्धा यांत उभे वैर असते, तर हे दुसरे निरीक्षण हाती लागलेच नसते.

या अभ्यासांतली माणसे थोडी आणि परदेशातली, हे मला मान्य आहे. पण आपल्या घरातला पुरावा त्याहून कितीतरी जुना आहे. पैठणच्या एकनाथांनी काशीत बसून १५७३ साली भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पुरी केली आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हस्तलिखिते समोर मांडून ओवी ओवी ताडून पाहणारा हा माणूस सोंगाची भारुडेही लिहीत होता. जोशी, वासुदेव, गोंधळी, महार, वेडी, मुका अशा कितीतरी जणांच्या तोंडून तो बोलतो. विंचवाचे भारूड ज्यांनी गावच्या चौकात पाहिले आहे त्यांना ते सोंग आठवेल. लुगडे नेसलेला गडी एक पाय वर धरून नाचतो, किंचाळतो, जमिनीवर लोळण घेतो आणि समोरची बायामाणसे पोट धरून हसतात. ते हसू ओसरायच्या आतच उतारा सांगितला जातो: चावला तो कामक्रोधाचा विंचू, आणि त्यावर औषध सत्त्वगुणाचे. तोवर हसणाऱ्यालाही आपल्याच अंगात कुठेतरी नांगी असल्याची जाणीव होते. प्रवचनाने माणूस सावध होतो, अंग चोरून बसतो. हसताना तो तसा बसू शकत नाही.

नाथांच्या हिंदू-तुर्क संवादाकडे तर आपण फारच कमी लक्ष दिले आहे. त्यात हिंदू आणि मुसलमान एकमेकांच्या धर्माची अशी उणीदुणी काढतात की आज तो संवाद कोणी नव्याने लिहिला तर दोन्ही बाजूंचे लोक पोलीस चौकीवर जातील. तुर्क पुराणातल्या देवांच्या भानगडी काढतो, दगडाच्या मूर्तीवरून बोलतो. हिंदू उलट विचारतो, की देव सगळीकडे आहे तर तोंड एकाच दिशेला का? कोणीही हात आखडता घेत नाही. आणि या सगळ्या टोलेबाजीच्या शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. दुसऱ्याच्या धर्मातली विसंगती दाखवताना आपल्या धर्मातली विसंगती त्याच्याकडून ऐकून घेण्याची तयारी नसती, तर हा शेवट लिहिताच आला नसता. मोकळेपणा म्हणतात तो हाच, आणि तो थट्टा टाळून आलेला नाही, थट्टेच्या वाटेनेच आला आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ते संत होते, त्यांना अधिकार होता, तिकीट लावून हसवणाऱ्यांना तो कुठला? अधिकाराची ही भाषा मला पटत नाही. गाडगेबाबांना कोणत्या पीठाने अधिकार दिला होता? हाती खराटा घेऊन दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. देवाला आंघोळ कोण घालतो, त्याच्यापुढे दिवा कोण लावतो, त्याच्या नैवेद्यावरचे कुत्रे कोण हाकलतो, असे ते समोरच्यांना एकेक विचारत. लोक उत्तरे देत, आणि उत्तर देता देताच हसू लागत. ज्या माणसाने पंढरपुरात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या त्याला अश्रद्ध कोण म्हणेल? आणि संत नकोच असतील, तर चिं. वि. जोशी घ्या. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी मराठी घराघरात पोचवणारा हा लेखक धर्मानंद कोसंबींचा विद्यार्थी, बडोद्याला पाली शिकवणारा प्राध्यापक आणि 'शाक्यमुनी गौतम'चा लेखक होता. जन्माने ब्राह्मण असलेल्या या गृहस्थाने आयुष्याचा मोठा भाग बौद्ध ग्रंथांच्या संगतीत घालवला. चिमणरावाच्या फजितीवर हसताना आपल्याला त्याचा राग येत नाही, उलट जवळीक वाटते. त्या स्वभावाचा आणि त्या अभ्यासाचा काही संबंध नसेल असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सगळेच विनोदकार काही मोकळ्या मनाचे नसतात. बायकांच्या जाडीवर, तोतऱ्याच्या बोलण्यावर, कोणाच्या जातीवर आणि रंगावर पोट भरणारा विनोद मराठी रंगमंचाने आणि पडद्याने भरपूर केला आहे. तिथे बुद्धी कमी पडली असे म्हणून सुटता येणार नाही. कित्येकदा बुद्धी असते, पण दुसऱ्याच्या डोक्यात शिरून ती तिथूनच घाव घालते. म्हणून विनोदकार म्हटला की तो मोकळ्या मनाचाच, असा माझा दावा नाही. मोकळेपणाचे हत्यार त्याच्या हाती इतरांपेक्षा आधी येते, एवढेच मी म्हणतो. ते तो कसे चालवतो हे ज्याची थट्टा झाली त्याच्याकडे पाहून कळते. पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' या १९५७ सालच्या नाटकात आचार्य या पात्राच्या वैराग्याची यथेच्छ थट्टा आहे, पण शेवटाकडे त्याच आचार्यांचे एकटेपण समोर येते आणि सभागृह गप्प होते. हसून झाल्यावरही त्या माणसाला माणूस म्हणून उभे राहायला जागा उरली आहे.

राहिला कायदा. भावना दुखावल्याच्या तक्रारी ज्या कलमाखाली होतात ते भारतीय दंड संहितेतले २९५अ हे कलम १९२७ साली आले. आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे. त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाची अट आहे. रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये हे कलम वैध ठरवले तेही या अटीवर बोट ठेवूनच; अजाणता किंवा बेपर्वाईने झालेला अपमान त्यात बसत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले होते. तक्रार नोंदवणाऱ्यांनी आणि नोंदवून घेणाऱ्यांनी ही अट वाचायला हवी.

आणि एक मागणी. शाळा-कॉलेजांत भारूड शिकवताना विंचवापाशीच थांबू नये, हिंदू-तुर्क संवादही पूर्ण शिकवावा. मुलांनी तो दोन पात्रे करून वर्गात मोठ्याने वाचावा, जिथे हसू येईल तिथे हसावे, आणि शेवटच्या आलिंगनापर्यंत जावे.

आपला,
एक वाचक