पिशवी गेली, पित्त राहिले

दिवाळीच्या दिवसांत चकलीचा दुसरा घाणा उतरला की घरातील कोणीतरी छातीवर हात ठेवून ‘पित्त झाले’ म्हणतोच. लगेच आमसुलाच्या साराची फर्माईश होते. वाचकहो, हे आपले घरगुती पित्त म्हणजे बहुधा जठरातील आम्ल. डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात ते निराळे. ते यकृतात तयार होते आणि तुपातेलाचे बारीक कण करून ते पचविण्यास मदत करते. दोघांचे नाव एकच, आणि या नामसाधर्म्याने आमच्या घरात एकदा मोठा घोटाळा करून ठेवला.

माझी थोरली बहीण सांगलीस दिलेली. तिच्या पित्ताशयात खडे झाले व शस्त्रक्रिया करून ती पिशवी काढावी लागली. ‘आता पित्ताची कटकट कायमची मिटली,’ असे नातेवाइकांनी परस्पर जाहीर करून टाकले. पण जखमा भरल्या, तरी जेवून उठले की पोटात कळ येई आणि अक्काची धावपळ उडे. अशी गोष्ट चारचौघांत बोलायची कशी? तिने तूप सोडले, तेल सोडले, शेवटी पेजेवर आली. लग्नकार्ये टाळू लागली. त्या वर्षी भाऊबीजेला साताऱ्यास येणार नाही, असा निरोप आला. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “अरे, एस्. टी. वाटेत कुठे थांबेल, याचा काय भरवसा?”

मी गप्प झालो. खड्यांबरोबर तिची माहेरची वाटही गेली होती.

हे का होते, ते समजून घेणे अवघड नाही. यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. पित्ताशय ही त्याची साठवणीची टाकी. दोन जेवणांच्या मधल्या वेळात ती पित्त साठवते, आटवून घट्ट करते आणि स्निग्ध अन्न पोटात आले की आतड्यात सोडते. टाकी काढली तरी नळ चालूच राहतो. पित्त सतत थोडे थोडे आतड्यात झिरपते. म्हणूनच माणूस पित्ताशयावाचून जगू शकतो. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. आपल्याकडे डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती दुर्बिणीतून केली, आणि आता बहुतेक रोगी एक-दोन दिवसांत घरी जातात.

बहुतेकांचे पचन काही आठवड्यांत मार्गावर येते. काहींच्या बाबतीत मात्र पित्तातील आम्ले प्रमाणाबाहेर मोठ्या आतड्यात उतरतात, तेथे पाणी सुटते आणि जुलाब होतात. अक्काचे तेच झाले होते. आमच्याकडे दुखणे अवघड झाले की माणसे मिरजेची वाट धरतात. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे मिशनचे रुग्णालय काढले, तेव्हापासूनची ही वहिवाट. अक्कालाही मिरजेस नेले. पोटविकाराच्या डॉक्टरांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि कोलेस्टिरामिन नावाची पूड दिली. ती पित्ताची आम्ले आतड्यातच बांधून ठेवते. इतर औषधांपासून ती काही तास दूर घ्यावी लागते, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. पुढच्या भाऊबीजेला अक्का एस्. टी. नेच आली.

आता पथ्याचे. तूप हे विष नव्हे, एका बैठकीतला भार वाईट. दोनदा भरपेट जेवण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडे खावे. इसबगोल, केळे, सफरचंद यांसारखे पदार्थ हळूहळू वाढवावेत. तळण, झणझणीत रस्सा व चहा-कॉफी बेतानेच असावी. साताऱ्याचा एखादा कंदी पेढा बहुतेकांना सोसतो, पण खोके समोर ठेवून बसू नये. सांगलीचे भडंगही मूठभरच बरे. काय खाल्ले आणि काय बाधले, हे वहीत टिपून ठेवल्यास डॉक्टरांचे काम सोपे होते.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली कळा, पिवळे डोळे, गडद लघवी, पांढरट शौच यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पित्तनलिकेत खडा अडकलेला असू शकतो. शौचावाटे रक्त जाणे किंवा वजन उतरत जाणे हेही पथ्याच्या भरवशावर सोडू नये.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. अशा माणसाला ‘घ्या हो, काही होत नाही’ असा आग्रह करू नका, आणि ‘तुम्हाला चालायचे नाही’ म्हणून त्याचे ताटही उचलू नका. त्याला काय सोसते, हे एकदा बाजूला घेऊन विचारा. विचारणारे कोणी भेटले, तर लपवून ठेवलेले दुखणे वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचते.