पावती आहे, गाणे नाही

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एक निळी फाईल आहे. विजेची बिले, घरपट्टीच्या पावत्या, मिक्सरचे हमीपत्र (मिक्सर भंगारात जाऊन सात वर्षे झाली) अशी सारी कागदपत्रे तिच्यात तारीखवार लावलेली आहेत. त्याच फाईलीत अगदी मागे, टाचणी मारलेल्या एकोणीस पावत्या आहेत. त्या गाण्यांच्या आहेत. गाणी २४७ आणि रक्कम २,९१० रुपये. पावत्या शाबूत आहेत; गाणी नाहीत.

गेल्या दिवाळीत याच पानावर मी फराळाच्या डब्यांविषयी लिहिले, तेव्हा एका वाचक भगिनींनी कळवले होते, की तुमचा स्वभाव फारच टापटिपीचा दिसतो. त्यांच्या समजुतीला धक्का देणे जिवावर येते. पण यंदा कबुलीजबाब द्यायचाच असे ठरवले आहे.

गोष्ट २०१२ सालापासूनची. त्या काळी आमच्या स्टाफरूममध्ये पेनड्राइव्ह तपकिरीच्या डबीसारखा हातोहात फिरे. ज्याने त्याने चिमूटभर घ्यावे आणि पुढे सरकवावे. हजार-हजार गाणी, तीही फुकट! मला ते पटत नसे. सकाळी वर्गात गदिमांच्या शब्दकळेवर तास घ्यायचा आणि संध्याकाळी त्यांचेच गीत चोरून ऐकायचे, हे माझ्या मास्तरी मनाला मानवेना. तेवढ्यात इंटरनेटवर गाणी विकणारे एक दुकान निघाले. दहा-बारा रुपये मोजावेत आणि गाणे रीतसर आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे. मी महिन्याकाठी दहा-पंधरा गाणी घेऊ लागलो आणि प्रत्येक वेळी पावती छापून फाईलीला लावू लागलो. "तत्त्वाला धरून चालणारा नवरा म्हणजे घरखर्चातलं आणखी एक कलम," असे आमच्या सौभाग्यवतींनी म्हणून घेतले. पण ऐकायला त्याही बसत.

त्या २४७ गाण्यांत एक भावगीत आईचे होते. आईचे म्हणजे आईच्या आवडीचे. ज्या बाईंनी ते गायिले त्यांचे नाव आज फारसे कुणाला आठवणार नाही. आईच्या माहेरी रेडिओवर ते पहाटे लागे आणि आजी जात्यापाशी थांबून ऐके, एवढेच मला ठाऊक. पुढे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याची कॅसेट कुठून तरी पैदा केली. आप्पा गेले, तरी दर नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी ती वाजायची. तेल लावताना आईची बोटे त्या चालीवर फिरत. कॅसेट घरघरू लागली होती, म्हणून ते गाणे दुकानात मिळाले तेव्हा मला कोण आनंद झाला! आवाज असा स्वच्छ, की बाई माजघरात बसून गात आहेत असे वाटावे.

आणि इथेच माझ्या टापटिपीने दावा साधला. २०१३ च्या दिवाळीची साफसफाई निघाली. आप्पांच्या ८३ कॅसेटी दोन खोक्यांत धूळ खात होत्या. मी म्हणालो, "आता सगळं संगणकात आहे. ही अडगळ कशाला?" आई म्हणाली, "राहू दे की रे. खायला का मागतायत?" पण मी ऐकले नाही. भंगारवाल्याने दोन्ही खोक्यांचे मिळून चाळीस रुपये दिले. त्याची पावती मात्र त्याने दिली नाही.

मध्यंतरी त्या दुकानाचे पत्र आले, की आम्ही व्यवसाय आवरता घेत आहोत. आपली गाणी अमुक तारखेपर्यंत पुन्हा उतरवून घ्यावीत. तेव्हा माझ्यापुढे तीनशे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. शिवाय गाणी माझ्या संगणकात होतीच. मग घाई कसली?

२०१६ ची नरकचतुर्दशी. पहाटेचे पाच. पाट मांडलेले, उटण्याचा वास सुटलेला. आई म्हणाली, "लाव रे ते." मी बटण दाबले. संगणकाच्या पोटातून टक्... टक्... टक् असा आवाज आला, जसे कुणी दाराशी उभे राहून सौजन्याने कडी वाजवावी. दहा मिनिटे मी खटपट केली. तेल गार झाले. आई म्हणाली, "राहू दे. अंघोळी उरका." आणि ती पाटावरून उठली.

भाऊबीज आटोपल्यावर संगणक घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पंचविशीतला हसतमुख मुलगा. त्याने कान लावून ती टकटक ऐकली आणि डॉक्टर नातेवाइकांना विचारतात त्या सुरात विचारले, "बॅकअप आहे ना, सर?" मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना विचारत आलो, की टिपणे काढलीत ना? त्या वेळी त्यांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक आहे. तसाच माझा झाला असावा.

मग त्याने एक जुनी डिस्क उघडून मला तिचे अंतरंग दाखवले. मला आमच्या आजोबांचा फोनोच आठवला! तशीच गोल तबकडी, तसाच आडवा हात. फरक एवढाच, की आजोबांची लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि ही घेते ५,४००. शिवाय फोनोची सुई तबकडीला टेकल्याशिवाय गाणे निघत नसे. इथे तो हात तबकडीच्या वर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतो आणि टेकला, की गाणे गेले. आजोबांच्या तबकड्या आधी खरखरत, मग अडखळत, मग एकाच ओळीवर घुटमळत. त्यांचे म्हातारपण दिसत असे. ही डिस्क आदल्या रात्रीपर्यंत धडधाकट होती आणि सकाळी २४७ गाण्यांसकट गेली. खास प्रयोगशाळेत पाठवून प्रयत्न करता येईल, खर्च पंधरा हजारांच्या पुढे आणि खात्री काही नाही, असे त्या मुलाने सांगितले.

घरी येऊन मी फाईल काढली. पावत्या होत्या ना माझ्याकडे! त्यांवरचा पत्ता एकेक अक्षर तपासून टाइप केला. दुकान नव्हते. फळी लावलेले बंद दुकान निदान दिसते तरी. शेजारचा पानवाला "शेट गावी गेले" असे काही सांगतो तरी. इथे जागाच नव्हती.

त्या दिवसापासून मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. (काही हरवले की त्यावर अभ्यास करायचा, ही आम्हां प्राध्यापकांची जुनी खोड.) तेव्हा कळले, की माझे दुखणे जगावेगळे नव्हे. अमेरिकेत याहूने आपले गाण्यांचे दुकान ३० सप्टेंबर २००८ रोजी बंद केले. तिथली गाणी कुलूपबंद होती आणि किल्ली दुकानाकडे. दुकान मिटल्यावर नव्या संगणकाला किल्ली देणार कोण? २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने गिऱ्हाइकांच्या किंडलमधून एक विकलेले पुस्तक परस्पर पुसून टाकले. पैसे परत केले, पण पुस्तक नेले. ते पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४' असावे, हा तर नियतीचा विनोदच. मायस्पेसवर लोकांनी २००३ ते २०१५ या काळात चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाले आणि २०१९ मध्ये कंपनीने तशी कबुली दिली. कॅलिफोर्नियात तर आता कायदाच आहे. २०२४ मध्ये तो झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. गिऱ्हाइकाला नुसती वापरायची परवानगी देत असाल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हा शब्द वापरता येणार नाही. गिऱ्हाइकाला कायमचा उतरवून घेता येईल अशा मालाला त्यातून सूट आहे.

म्हणजे पाहा, मी भाग्यवान गिऱ्हाईक होतो. माझ्या गाण्यांना कुलूप नव्हते. दहा जागी नकला करून ठेवल्या असत्या तरी कुणी हात धरला नसता. मीच केल्या नाहीत. स्टाफरूममध्ये फुकट गाणी घेणाऱ्यांची गाणी मात्र आजही वाजतात. कारण ती इतक्या हातांतून फिरली, की एकाकडची गेली तर दुसऱ्याकडे सापडतात. चोरीचे टिकले आणि सचोटीचे बुडाले, असा याचा अर्थ मी लावत नाही. पण त्या तपकिरीच्या डबीकडे मी पूर्वीइतका नाक मुरडून पाहत नाही, हे खरे.

याहूनही लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. दरवर्षी मी 'लीळाचरित्र' शिकवतो. म्हाइंभटांनी मोठ्या कष्टाने चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या आणि यादवांचे राज्य बुडतानाच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना त्या मुखोद्गत होत्या त्यांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केल्या. पोथ्या जपल्या गेल्या, नकला होत राहिल्या. पण बाहेरच्यांना त्या वाचता येईनात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे कुलूप निघाले. हे सगळे मी फळ्यावर लिहून देतो, परीक्षेत विचारतो, चुकल्यास गुण कापतो.

आईचे गाणे मी पुष्कळ शोधले. हल्ली महिन्याचे भाडे भरून लाखो गाणी ऐकता येतात. तिथे तेच शब्द, तीच चाल मिळाली, आवाज दुसरा. आईने अर्धे कडवे ऐकले. "चांगलं म्हणतेय पोरगी," म्हणाली आणि भाजी निवडू लागली. भाड्याच्या गाण्यांचेही काही खरे नसते; कंपन्यांचे करार संपले, की काल वाजलेले गाणे आज वाजत नाही.

थोडे हाती लागले ते कोल्हापूरच्या मामांकडे. त्यांच्या मोटारीसाठी मी कधीतरी एक पेनड्राइव्ह भरून दिला होता आणि विसरलो होतो. त्यावर ५८ गाणी निघाली. नावे मात्र पुसली गेली होती. प्रत्येकापुढे 'अननोन आर्टिस्ट'! १९०२ मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गौहरजान गाणे संपवताना आपले नाव स्वतः सांगत. कोणाची तबकडी ते परदेशी कारागिरांना कळावे म्हणून. तशी सोय आमच्या ५८ जणांना नव्हती. आईने ऐकून ऐकून ४१ नावे सांगितली. तिचे गाणे त्यांत नव्हते.

त्या आवाजांवरून तिला काय काय आठवत गेले कोण जाणे. शेवटचे गाणे संपले आणि ती ओट्यापाशी उभी राहून आपले गाणे स्वतःच म्हणू लागली. मुलीने प्रसंगावधान राखून फोन पुढे धरला. तिसरे कडवे आईला आठवत नाही. दुसऱ्यात एक शब्द ती दर खेपेस निराळा म्हणते. वर्गात मी याला पाठभेद म्हणतो. मधे कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत. "अहो, दुपारी शांतपणे परत घेऊ या," सौभाग्यवती म्हणाल्या. आई म्हणाली, "झालं ते झालं. मी काय रेडिओस्टार आहे?"

हे ध्वनिमुद्रण आता तीन ठिकाणी आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ असा एक नियम आहे. नकला तीन, साठवण दोन प्रकारची आणि एक नक्कल घराबाहेर. एका ठिकाणी पुसले, की दुसरीकडेही आपोआप पुसले जाते, अशी जोडलेली नक्कल त्यात धरायची नाही, असे मुलीने मला बजावले आहे. एक प्रत संगणकात, एक निळ्या फाईलीशेजारी सुट्या डिस्कवर. घराबाहेरची प्रत नाशिकला ताईकडे असते. दर भाऊबीजेला फराळाच्या डब्यात चकल्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, नवी डिस्क जाते आणि डबा रिकामा परत पाठवू नये म्हणून ताई चिवड्याबरोबर मागच्या वर्षीची परत पाठवते.

नुसती पाठवून भागत नाही. ती वाजते की नाही हे तिथे लावून पाहावे लागते. गेल्या वर्षी ताईचा रात्री साडेनऊला फोन आला. आईनेच घेतला.

"पोचली का गं?"

"पोचली. लावून पाहिली."

"सगळी?"

"दोन्ही शिट्ट्या ऐकल्या," ताई म्हणाली.