उंच गळ्याचे पुरुष

गेल्या मंडईला घरी पाहुणे जमले होते. जेवणं आटोपल्यावर नेहमीप्रमाणे अंगणात गाण्यांची बैठक बसली. चुलतभावाचा मुलगा गायला बसला. वय सोळा. आवाज फुटून दोनेक वर्षं झालीत, बोलताना अगदी बापासारखा जाड बोलतो. पण त्याने एक नाट्यपद घेतलं आणि वरच्या सुरांवर गेल्यावर आवाज एकदम पातळ केला. पातळ, पण किरटा नाही. स्वच्छ, सरळ, जागच्या जागी लागणारा. मी पानाला चुना लावत होतो, तो हात तसाच थांबला.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "का गा, पोरीवानी काहून गातेस?"

सगळे हसले. मीही हसलो. पोरगा अर्ध्यावर उठला आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेला. त्यानंतर तो आमच्यापुढे गायलेला नाही.

तेव्हापासून ते हसणं डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा लेख.

पाश्चात्य संगीतात असं गाणाऱ्या पुरुषाला काउंटरटेनर म्हणतात. यात आजार नाही, न फुटलेला आवाजही नाही. यातले बरेच गायक बोलताना चांगले भारदस्त बोलतात. गाताना मात्र स्वरतंतू ताणून पातळ करतात. मग ते पूर्ण जाडीने न थरथरता फक्त कडेने थरथरतात आणि सूर उंच लागतो. या पद्धतीला फॉल्सेटो म्हणतात. इटालियनमधल्या 'खोटा' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडलं. आपल्याकडचे उस्तादही याला खोटा आवाजच म्हणत आले. म्हणजे पोरावर हसणारे आम्ही काही पहिले नाही.

पण खरंच खोटा आहे का तो?

'हाफ तिकीट' (१९६२) मधलं किशोरकुमारचं ते गाणं आठवा. पुरुषाचा आणि बाईचा, दोन्ही आवाज त्याने एकट्याने काढले आणि पडद्यावरही बाईच्या वेशात तोच नाचला, समोर प्राण. तिथे आपण हसतो, कारण त्याला आपल्याला हसवायचंच आहे. ती नक्कल आहे आणि नकलेत मजा असते. पण इंग्लंडच्या आल्फ्रेड डेलरचं (१९१२ ते १९७९) गाणं लावून बघा. धिप्पाड, दाढीवाला माणूस. तो बाई असल्याचं सोंग आणत नाही, पुरुष असल्याचं सिद्धही करत नाही. पहिलं मिनिटभर कान गोंधळतो, हा आवाज कुणाचा म्हणून शोधत राहतो. मग शोधायचं सोडून देतो आणि फक्त गाणं उरतं. माझ्या मते या आवाजाची सगळी ओढ त्या सोडून देण्यात आहे.

आता म्हणाल, कुठे इंग्लंड आणि कुठे सालेकसा! पण आपल्याला हे नवीन नाही हो. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया लागल्या की रात्री दंडार नाही तर खडी गंमत असायचीच, आणि त्यातल्या बाया म्हणजे पुरुषच. दरेकसा ओलांडून छत्तीसगडात गेलात तर तिथल्या नाचात 'परी' होणाराही पुरुषच. ढोलकीच्या वर चढून, माईक नसताना शेवटच्या घोंगडीपर्यंत पोचणारे ते आवाज मी लहानपणी ऐकलेत. तेच गाणारे दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत दिसले की आम्ही पोरं त्यांच्यामागे कंबर हलवत चालायचो. 'नाच्या' ही तर आमची शिवीच होती. रात्री ज्याच्यासाठी जागायचं, दिवसा त्याचीच टिंगल करायची.

आणि हाच आपला महाराष्ट्र बालगंधर्वांना डोक्यावर घेतो! नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्यांच्याआधी भाऊराव कोल्हटकरांनी (१८६३ ते १९०१) आपल्या उंच, टिपेच्या गळ्याने सुभद्रा गाजवली होती. आपल्याकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, म्हणजे तो गळा अगदी थोडक्यात हुकला.

इथे एक गोष्ट मान्य करतो. बालगंधर्व काउंटरटेनर नव्हते. त्यांचा गळा पुरुषाचाच होता, मुद्दाम बारीक केलेला नव्हता. तबकड्या ऐका, लगेच कळेल. पण म्हणूनच माझा मुद्दा पक्का होतो. लोकांना बाईच्या आवाजाची हुबेहूब नक्कल हवी असती तर ते गाणं चाललंच नसतं. त्यांना हवा होता तो सुरातला मऊपणा. तो पुरुषाच्या गळ्यातून आला, याने कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हे सगळं सुरू झालं ते बायकांना बंदी होती म्हणून. युरोपात चर्चच्या गायकवृंदात बाई चालत नव्हती, आपल्याकडे रंगमंचावर चालत नव्हती. तिकडे तर उंच आवाज टिकावा म्हणून मुलांचं वृषण-उच्छेदन करत. त्यांतल्या शेवटच्यांपैकी एक, आलेस्सांद्रो मोरेस्की, १९०२ आणि १९०४ मध्ये रोममध्ये ध्वनिमुद्रित झाला. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो सगळा कौतुकाचा नसतो. तेव्हा 'काय ते जुने दिवस' असं मी म्हणणार नाही. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर आल्या हे फार चांगलं झालं. झाडीपट्टीच्या नाटकांतही आता बाईची भूमिका बाईच करते, तेही उत्तमच.

पण बंदी उठल्यावरही त्या गाण्याची आवड उरली, हे महत्त्वाचं. १९३८ मध्ये गोहराबाई कर्नाटकी गंधर्व नाटक मंडळीत आल्या, त्या बालगंधर्वांच्या ढंगाने गाण्यासाठी प्रसिद्ध होत्या. म्हणजे बाईचं काम करणाऱ्या पुरुषासारखं एक बाई गात होती! डेलर गाजला तोही विसाव्या शतकाच्या मध्यावर, कुणाची सक्ती नसताना. सक्ती गेल्यावर जे उरतं ती खरी आवड, असं मला वाटतं.

मग आमच्या अंगणात काय झालं? आवाज आवडला नाही, असं तर नव्हतं. माझा चुन्याचा हात थांबला होता. मला वाटतं, आवडला म्हणूनच आम्ही गडबडलो, आणि गडबड झाकायला हसणं फार सोपं असतं. किंमत पोराने मोजली.

असो. घरचे बरेच जण हा ब्लॉग वाचतात, ज्यांनी तो शेरा मारला तेही वाचतील. त्यांना दोष देत नाही, कारण सगळ्यात मोठ्याने हसणाऱ्यांत मी होतो. पुढच्या मंडईला पोराला पुन्हा बसवू. तो नाही म्हणाला तर आग्रह नको. हो म्हणाला तर गाणं पूर्ण होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. मी तर नाहीच.