मांजराच्या करमणुकीला माशांची पेटी

शेतात उंदरांसाठी विषाचे आमिष टाकले, की मांजर काही दिवस घरातच ठेवावे. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर त्याच्या तोंडी लागला, तर तेही दगावू शकते. पण कोंडलेले मांजर दार ओरबाडते. त्याला बघत बसायला काचेच्या पेटीत गप्पी मासे ठेवावेत. ससा किंवा कोंबडीची पिल्ले मात्र नकोत; समोर मांजर दिसले की ती धास्तीने खाणे सोडतात.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असावी. चार बोटे कमी भरली तरी पाण्याचेच वजन 40 किलोच्या वर जाते. म्हणून फळीवर न ठेवता पक्क्या ओट्यावर ठेवा. वर बारीक जाळीची चौकट बसवून कडी घाला. नुसते झाकण मांजर पंजाने सारते. आत पाणवनस्पती व फुटके मडके ठेवा, म्हणजे माशांना लपता येईल. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच घाला. फवारणीचे हात पाण्यात बुडवू नका, मासे मरतील.

गप्पी महिन्या-दीड महिन्याने पिल्ले देतात. जास्तीची हौदात सोडा, डासांच्या अळ्या खातील. ओढ्यात, नदीत मात्र सोडू नका. तिथल्या गावठी माशांना ती जाच करतात.