नुसता ठोका?

"ह्याला काय संगीत म्हणायचं? नुसती धडधड!" टेक्नोबद्दल माझ्या वयाच्या, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या मंडळींचं हे ठरलेलं मत. मला ते पटत नाही. का, ते लिहितो.

उदाहरणादाखल जेफ मिल्स घेऊ. जन्म १९६३, गाव अमेरिकेतलं डेट्रॉइट. मोटारींचं हे शहर. मोटाउन ही गाण्यांची मोठी कंपनीही इथलीच, पण १९७२ साली ती लॉस एंजेलिसला गेली. कारखाने बंद पडत गेले, माणसं शहर सोडून गेली. अशा पडझडीत १९८०च्या दशकात काही कृष्णवर्णीय तरुणांनी यंत्रांवर टेक्नो घडवलं. मिल्स तेव्हा 'द विझर्ड' या नावानं रेडिओवर रेकॉर्डी वाजवायचा. पुढे माइक बँक्सबरोबर त्यानं 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' काढलं. नावातच प्रतिकार आहे, बरं का!

आता त्या धडधडीकडे वळू. रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे तालयंत्र १९८३ ते १९८५ एवढीच वर्षं बनलं. त्यावर एका ओळीत सोळा बटणं. चार ठोके, प्रत्येकाचे चार भाग. आपल्या तीनतालाच्याही सोळाच मात्रा, चार-चारच्या विभागांत! ताल वेगळे, हिशेब मात्र ओळखीचा. मिल्स हे यंत्र चालू करून बाजूला बसत नाही. वाद्यासारखं हातानं वाजवतो.

त्याचं 'द बेल्स' ऐका. खाली दणदणीत ठोका, वर घंटेसारखी छोटीशी सुरावट, तीच ती, पुन्हा पुन्हा. "कंटाळा येतो," म्हणाल. मग तबल्याच्या एकलवादनात पेटीवरचा लेहरा तासभर तोच असतो, त्याचा कंटाळा का येत नाही? कारण एक गोष्ट स्थिर राहिली की बाकीचे बारीक बदल कानाला टिपता येतात. इथंही तसंच आहे. एखादी झांज येते, एखादा थर निघून जातो, आणि तेवढ्यानं सगळी खोली हलते. तबल्याचं हे मी ओढूनताणून आणत नाही. मिल्सनं नायजेरियन ढोलवादक टोनी अ‍ॅलनबरोबर काम केलं; अ‍ॅलन २०२०मध्ये गेल्यावर पुढच्या संचात प्रभू एदुआर यांचा तबलाच होता.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे: आवाज. आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंतच डोळ्यांसमोर येते. सन २०००च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. ती कोण पाळतं? पण हा दोष जागेचा आणि सक्तीचा आहे, संगीताचा नव्हे. बर्लिनचा 'ट्रेझर' क्लब १९९१ साली सुरू झाला तो एका जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीत. मिल्सच्या रेकॉर्डी ह्याच क्लबच्या कंपनीनं काढल्या. तिथं जो जातो तो आपल्या पायांनी जातो. आजाऱ्याच्या खिडकीखाली ते वाजत नाही.

मार्च २०२४मध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आनंदच आहे. पण पाळणा डेट्रॉइटला हलला होता, हेही सांगायला हवं. श्रेय ज्याचं त्याला मिळावं, एवढाच आग्रह.

आवडलंच पाहिजे असं मुळीच नाही. माझाही दिवस भीमसेनजींशिवाय सुरू होत नाही. पण एका उजाड होत चाललेल्या गावानं जे घडवलं, त्याला न ऐकताच 'गोंगाट' म्हणणं हा अन्याय आहे. पाच मिनिटं द्या, आवाज बेताचा ठेवा, आणि मग खुशाल नावं ठेवा!