हरलेल्या मोहिमेचं पुस्तक मुलांना द्या

दर पावसाळ्यात मला एक बातमी लिहावी लागते. नाव आणि वय तेवढं बदलतं. गाढी नदीच्या पात्रात, नाहीतर देहरंग धरणाच्या बाजूला एखादा कॉलेजचा पोरगा वाहून जातो. बंदीचे आदेश असतात, पोलीस उभे असतात, तरी होतं. नंतर सोबतचे मित्र सांगतात, "पाणी वाढताना दिसत होतं, पण एवढ्या लांब आलो होतो ना..."

हे "एवढ्या लांब आलो होतो" डोक्यातून जात नाही.

परवा भाचीबरोबर विल्यम ग्रिल यांचं 'शॅकल्टन्स जर्नी' हे मुलांसाठीचं इंग्रजी सचित्र पुस्तक वाचलं. गोष्ट खरी आहे. १९१४ साली अर्नेस्ट शॅकल्टन अंटार्क्टिका खंड आरपार ओलांडायला निघाला. जानेवारी १९१५ मध्ये त्याचं 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात अडकलं आणि नोव्हेंबरमध्ये चिरडून बुडालं. जे खंड ओलांडायचं होतं, त्यावर पाऊलसुद्धा पडलं नाही. मोहीम खलास.

तिथे त्याने ध्येयच बदललं. आता २८ माणसं जिवंत घरी न्यायची, बस्स. वजन कमी करा म्हणून स्वतःची सोन्याची नाणी त्याने बर्फावर टाकली, पण एकाचा बँजो मात्र ठेवायला लावला. लोकांचं मन टिकायला हवं म्हणून! पुढे एलिफंट बेटावर २२ जणांना ठेवून, पाच साथीदारांसह जेमतेम सात मीटरच्या होडीतून सुमारे १,३०० किलोमीटरचा खवळलेला समुद्र पार केला. बेटावरच्यांना आणायचे तीन प्रयत्न फसले. चौथ्यांदा, ३० ऑगस्ट १९१६ ला, तो पोचला. बावीसच्या बावीस जिवंत. (खंडाच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या त्याच्याच तुकडीतले तीन जण मात्र गेले.)

भाचीने विचारलं, "मामा, कुत्र्यांचं काय झालं?" खरं ते सांगितलं, अन्न पुरणार नव्हतं म्हणून त्यांना मारावं लागलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटतं, मुलांना हेही कळायला हवं.

याच माणसाने १९०९ मध्ये दक्षिण ध्रुव सुमारे १८० किलोमीटरवर असताना पाठ फिरवली होती. पुढे गेलो तर परतीपुरतं अन्न उरणार नाही, हे त्याला कळलं. 'एवढ्या लांब' तोही आला होता.

पालक म्हणतात, मुलांना हरण्याच्या गोष्टी कशाला? अहो, आपला कर्नाळा आणि प्रबळगड महाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात सोडले होते. २३ किल्ले गेले, स्वराज्य राहिलं आणि १६७० मध्ये कर्नाळा परत आला. वेळेवर मागे सरणं ही आपल्याच मातीतली शिकवण आहे. आपण मात्र मुलांना फक्त झेंडा रोवल्याचा फोटो दाखवतो. मग कलावंतीणच्या पायऱ्यांवर धुकं, पाऊस, घसरण असली तरी "वर जाऊन सेल्फी काढल्याशिवाय उतरायचं नाही" असं पोरांना वाटलं, तर दोष कुणाचा?

पुस्तक वाचलं म्हणून कुणी बुडायचा थांबेल, असा माझा दावा नाही. पण "चला, परत फिरू" म्हणणारा मित्र भित्रा नसतो, एवढं जरी एखाद्याच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ झालं.

म्हणून दोन विनंत्या. गणेशोत्सवातल्या स्पर्धांना मंडळांनी आणि सोसायट्यांनी प्लास्टिकच्या ट्रॉफीऐवजी असं एखादं पुस्तक द्यावं. आणि लिहिणाऱ्यांनी आपल्या अंटार्क्टिका मोहिमांवर मुलांसाठी मराठीत लिहावं. १९८२ च्या जानेवारीत भारतीय तिथे उतरले, हे शाळेत शिकवतात. पण पुढे बांधलेलं 'दक्षिण गंगोत्री' केंद्र बर्फात गाडलं गेलं, १९९० मध्ये ते सोडावं लागलं आणि त्यातून शिकून 'मैत्री' केंद्र खडकाळ जमिनीवर उभं केलं, ही गोष्ट कोण सांगणार?

तुमच्या घरात मुलांसाठी हरण्याचं, मागे फिरण्याचं एखादं पुस्तक आहे का? कमेंटमध्ये नाव लिहा. यादी करून वाचनालयात मी स्वतः नेऊन देतो.